परदेशी औषधाला देशी कागद हवा

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. अमेरिका, इंग्लंड, दुबई, सिंगापूर इकडे नोकरीला गेलेली मुले-मुली या दिवसांत घरी येतात. येताना चॉकलेटांबरोबर आई-वडिलांसाठी औषधेही घेऊन येतात. मग ती पिशवी माझ्या टेबलावर रिकामी होते आणि प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, हाई मन्हा आंडोरनी अमेरिकाथीन धाडेल शे. लेवू का?" सांधेदुखीच्या गोळ्या, जीवनसत्त्वांचे मोठे डबे, साखर तपासण्याचे यंत्र, रक्तदाबाचा पट्टा, कधी इन्सुलिन, तर कधी नातवासाठी दुधाची बाटली. जळगाव असो, धुळे असो, अमळनेर, चोपडा, शिरपूर असो, हे चित्र आता नवीन राहिलेले नाही.

मुलांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र या पिशवीबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते. "तिकडच्या सरकारने पास केलेले औषध. ते इकडे पुन्हा तपासायचे कशाला? पार्सल महिनाभर मुंबईला कस्टममध्ये अडकले होते. नुसता त्रास द्यायचा!" ही तक्रार अगदीच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. तरीपण तिच्यात एक समजूत दडलेली आहे आणि ती धोक्याची आहे. ती समजूत अशी की, एका देशात चांगली ठरलेली वस्तू सगळीकडे चांगलीच ठरते. आजच्या लेखात त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

एकच इन्सुलिन, दोन मापे

काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातील एका आप्पांना पहाटे माझ्याकडे आणले गेले. अंग घामाने निथळलेले, बोलणे असंबद्ध, हातपाय थरथरत होते. घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटला. रक्तातील साखर तपासली तर ती धोक्याच्या पातळीखाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिले आणि थोड्याच वेळात आप्पा डोळे उघडून "मी कोठे शे?" असे विचारू लागले. घरच्यांना हायसे वाटले. मग चौकशी सुरू झाली. जेवण रोजचेच, इंजेक्शनही रोजच्या इतकेच, सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत. फरक एकच. बाटली मुलाने अमेरिकेहून आणलेली होती.

उत्तर त्या बाटलीवरच छापलेले होते. आपल्याकडे बाटलीत मिळणारे इन्सुलिन आजही बहुतांशी दर मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. अमेरिकेतील बाटलीत दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. तिची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. आप्पांनी १०० युनिटची बाटली घेतली आणि घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले. त्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध येते. म्हणजे अंगात गेली २० युनिट नव्हे, तर ५० युनिट. अडीच पट! उलटे झाले, म्हणजे आपली बाटली आणि तिकडची सिरिंज, तर २० च्या रेघेला फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढतच राहते.

बाटलीत दोष नव्हता, सिरिंजही चांगली होती. दोन्ही आपापल्या देशात कायद्याने मान्य होत्या. जोडी मात्र चुकली. परदेशी माल देशात येताना त्याच्या ताकदीची, लेबलाची आणि मापाची नव्याने विचारपूस का करतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

नाव निराळे, औषध तेच

साखर तपासण्याच्या यंत्राचेही असेच आहे. आपल्याकडे साखर १४०, १८० अशा आकड्यांत मोजतात. इंग्लंडमधल्या यंत्रावर ७.८, १० असे आकडे दिसतात, कारण तिकडचे एकक वेगळे आहे. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. लेकीने लंडनहून पाठवलेल्या यंत्रावर "१५" पाहून एक आजी खूश होत्या. पंधरा म्हणजे अगदी कमी! प्रत्यक्षात ती साखर २७० होती. शिवाय त्या यंत्राच्या पट्ट्या इथल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून महिन्याभरात यंत्र कपाटात जाते ते वेगळेच.

अंगदुखी-तापाच्या गोळ्यांकडेही नीट पाहा. अमेरिकेतील बाटलीवर 'ॲसिटअमिनोफेन' असे लिहिलेले असते. ते आपले पॅरासिटामॉलच. ते ठाऊक नसल्याने माणूस परदेशी गोळीही घेतो आणि वरून इथली पॅरासिटामॉलही घेतो. दोन्ही मिळून मात्रा वाढली की यकृतावर ताण येतो. ड जीवनसत्त्वाचेही तसेच. इथे डॉक्टरांनी आठवड्याला एकदा ६०,००० युनिटची पुडी दिलेली असते आणि घरात अमेरिकेच्या डब्यातली ५,००० युनिटची गोळी रोज चालू असते. दोन्ही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकत्र घेऊ नयेत.

बंदरावर विचारले जाणारे दोन प्रश्न

आता कस्टमकडे वळू. न्हावा शेवा बंदरात किंवा मुंबई विमानतळावर परदेशी औषध उतरले की त्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. कस्टम खाते विचारते, माल काय, किती, किंमत किती आणि कर किती? औषध नियंत्रण खाते विचारते, हे बनवले कोणी, कोणत्या कारखान्यात, आणि उद्या कोणाला अपाय झाला तर या देशात जबाबदार कोण?

दुसरा प्रश्न १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातून आणि त्याखालील १९४५ च्या नियमांतून येतो. व्यापारासाठी औषध आणायचे तर परदेशी कारखान्याची नोंदणी लागते आणि इथल्या आयातदाराला परवाना लागतो. औषधाच्या मुदतीपैकी निदान ६० टक्के मुदत शिल्लक असावी लागते. दोन वर्षे टिकणारे औषध असेल तर बंदरात उतरताना त्याचे सुमारे साडेचौदा महिने तरी उरलेले हवेत. तिकडे न खपलेला, मुदत संपत आलेला माल इकडे येऊ नये, हा यामागचा सरळ हेतू आहे.

वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग पाडलेले आहेत. तापमापक, रक्तदाबाचे यंत्र, नेब्युलायझर यांपासून हृदयात बसवायच्या स्टेंटपर्यंत सारे त्यात येते.

घरच्या वापरासाठी काय चालते?

माझ्या वाचकांपैकी बहुतेकांचा व्यापाराशी संबंध नाही. त्यांच्यासाठी नियमांत वेगळी सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

पहिली सोय प्रवाशाच्या सामानाची. स्वतःच्या वापरासाठी आणलेले औषध प्रवासी आपल्या सामानातून आणू शकतो. मात्र कोणत्याही एका औषधाच्या १०० सरासरी मात्रांपेक्षा जास्त नाही, आणि कस्टमने विचारले तर ते सांगितले पाहिजे. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी असेल तर हा साठा महिनाभराचाच झाला, हे लक्षात घ्या. नियमाची भाषा अशी आहे की औषध त्या प्रवाशाचे स्वतःचे आणि स्वतःच्या वापराचे हवे. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, मित्राच्या सासऱ्यांसाठी भरून आणलेली बॅग या सोयीत बसत नाही.

दुसरी सोय टपालाने किंवा कुरिअरने मागवायच्या औषधाची. यासाठी आधी परवानगी लागते. अर्जाचा नमुना '१२-अ' आणि मिळणारा परवाना '१२-ब'. अर्ज केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करायचा असतो. त्याला नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते आणि मागवलेले प्रमाण वाजवी असावे लागते. अनेक जण पार्सल आधी मागवतात आणि ते अडकल्यावर धावपळ करतात. क्रम उलटा ठेवा. आधी चिठ्ठी, मग परवाना, मग पार्सल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो. थंडाव्यात ठेवायचे औषध अशा दिवसांत कागदाअभावी पडून राहिले, तर पुढे ते सुटूनही उपयोगाचे राहत नाही.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना तिच्यावर औषधाचे मूळ नाव, ताकद, रोजची मात्रा आणि किती दिवसांसाठी, हे स्पष्ट लिहून घ्यावे. "नेहमीप्रमाणे चालू ठेवणे" एवढ्या ओळीवर कोणताही अधिकारी सही करू शकणार नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांची सही

काही घरांसाठी हा विषय सोयीपुरता राहत नाही, तो जीवन-मरणाचा होतो. स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारांची काही औषधे भारतात बनत नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी असे एक इंजेक्शन मागवायचे होते. किंमत सुमारे १६ कोटी रुपये आणि त्यावरचा कर सुमारे ६ कोटी! लोकांनी वर्गणी काढून पैसे उभे केले आणि केंद्र सरकारने त्या एका प्रकरणात कर माफ केला. परंतु प्रत्येक आई-बापाने दिल्लीपर्यंत हाक कशी पोचवायची?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर १ एप्रिल २०२३ पासून मिळाले. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये नोंदलेल्या आजारांवरची औषधे आणि खास वैद्यकीय आहार रुग्णाने स्वतःसाठी मागवल्यास त्यावरचे मूळ सीमाशुल्क माफ झाले. एरवी औषधांवर ते साधारणपणे १० टक्के असते. आणि यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणाचे? केंद्राच्या किंवा राज्याच्या आरोग्य संचालकांचे, किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकारी अथवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे. म्हणजे जळगावच्या किंवा धुळ्याच्या माणसाला या कागदासाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. तो आपल्या जिल्ह्यातच मिळू शकतो. याच धोरणाखाली मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेले आहे आणि अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. एखाद्या घरी असे मूल असेल तर ही माहिती त्या घरापर्यंत जरूर पोचवा.

कागद खोटा निघाला तर?

चिकित्सक वाचक इथे विचारतील, कागद तर कोणीही छापतो. कागदाने औषध शुद्ध होते का? प्रश्न रास्त आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. ते दिसायला ग्लिसरॉलसारखेच, चवीलाही गोडसर. पण मूत्रपिंड निकामी करते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत किती हातांनी डोळे मिटले होते ते उघड झाले. तो माल काही परदेशातून आलेला नव्हता.

तेच विष २००६ मध्ये समुद्र ओलांडून गेले. चीनमधून निघालेली पिंपे स्पेनमधील बार्सिलोनामार्गे पनामा देशात पोचली. सोबतच्या कागदावर लिहिले होते, शुद्धता ९९.५ टक्के. मधल्या व्यापाऱ्यांनी कागदावरची नावे बदलली, पण पिंप उघडून तपासले कोणीच नाही. त्यापासून खोकल्याचे औषध बनले आणि शंभरावर माणसे मेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुले दगावली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने ज्या सिरपांबाबत इशारा दिला ती भारतात बनलेली होती. त्यानंतर, १ जून २०२३ पासून, खोकल्याची औषधे परदेशी पाठवण्यापूर्वी सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवाल सक्तीचा झाला. आपण जसे आयात करणारे आहोत तसेच पाठवणारेही आहोत. तिकडची आईही आपल्या शिक्क्यावर विश्वास ठेवूनच चमचा भरत असते.

या तिन्ही प्रकरणांवरून मी एवढेच शिकलो की कागद औषधाला शुद्ध करत नाही, पण जबाबदार कोण ते सांगतो. आणि ज्या कागदामागे तपासणी नाही तो कागद नसल्यापेक्षाही वाईट, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो. म्हणून नियम सैल करा म्हणण्यापेक्षा तपासणी लवकर आणि खरी करा, ही आपली मागणी असायला हवी.

सरकारला मनात आणले तर वेग वाढवता येतो हे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वांनी पाहिले. ऑक्सिजनसाठी माणसे वणवण फिरत होती. तेव्हा २४ एप्रिलला ऑक्सिजन व त्याच्या उपकरणांवरचे मूळ सीमाशुल्क काढले गेले. ३० एप्रिलला परदेशातील नातेवाइकांनी भेट म्हणून पाठवलेली ऑक्सिजन यंत्रे टपाल-कुरिअरने घेण्यास परवानगी मिळाली. या सवलती सुरुवातीला ३१ जुलै २०२१ पर्यंत होत्या. त्या काळात घाईने विकत घेतलेली, आयातदाराचे नाव नसलेली यंत्रे अजून काही घरांत पडून आहेत. बोटावर लावायच्या ऑक्सिमीटरमध्येही तसलेच काही नमुने आहेत. पुन्हा वापरण्याआधी ती दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहावीत.

दुकानातला 'इंपोर्टेड' माल

आता रोजच्या खरेदीविषयी. 'इंपोर्टेड' म्हणून विकली जाणारी वस्तू हातात घेतली की वेष्टन फिरवून मागची बाजू वाचा. भारतातील आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश छापलेला हवा. उपकरण असेल तर आयात परवान्याचा क्रमांक हवा. खाद्यपदार्थ, प्रोटीन पावडर, जीवनसत्त्वांचे डबे यांवर 'एफ.एस.एस.ए.आय.'चे चिन्ह आणि आयातदाराचा परवाना क्रमांक हवा. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून 'आय.एस.आय.' चिन्ह सक्तीचे आहे, मग ती कोणत्याही देशातून आलेली असोत. तान्ही मुले खेळणे तोंडात घालतात आणि स्वस्त रंगातील शिसे मेंदूला घातक असते, म्हणून ही सक्ती. बाळाच्या दुधाच्या बाटलीवरही मानक चिन्ह लागते. अर्थात आईचे दूध आणि वाटी-चमचा यांना तोड नाही, हे मी याच सदरात अनेकदा लिहिले आहे.

'सी.ई.' हे चिन्ह पाहून भुलू नका. ते युरोपच्या बाजारासाठी आहे आणि कमी जोखमीच्या अनेक वस्तूंवर उत्पादक ते स्वतःच्या घोषणेवर लावू शकतो. 'एफ.डी.ए. रजिस्टर्ड' म्हणजे अमेरिकेत नोंद झाली एवढेच. नोंद म्हणजे मान्यता नव्हे.

इकडून तिकडे जाताना

सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आखातात जाणाऱ्या आया-सासवांना एक खास सूचना. डिंकाचे लाडू न्या, पण पिशवीत खसखस नेऊ नका. दुबईसह संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थांच्या नियमांत येते. आपल्याकडे अनारशांवर लावतो तीच खसखस तिकडे तुरुंगाची वाट दाखवू शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्याही तिकडे नियंत्रित आहेत. त्या चालू असतील तर आधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी आणि डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र सोबत ठेवावे.

थोडक्यात

१. परदेशातून औषध मागवण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा. तेच औषध अनेकदा आपल्या गावातही मिळते, आणि स्वस्त मिळते.

२. औषध मूळ वेष्टनात, लेबलासह आणि चिठ्ठीसह आणावे. सुट्या गोळ्या डबीत भरून आणू नयेत.

३. इन्सुलिन हातातल्या पिशवीत आणावे. विमानाच्या मालकप्प्यात ते गोठू शकते. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचू नये.

४. कुरिअरने मागवायचे तर आधी '१२-ब' परवाना.

५. "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या नंबरवर पैसे भरा" असा फोन आला तर पैसे भरू नका. कस्टम खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही.

६. परदेशी यंत्राचा आकडा पहिल्यांदा पाहाल तेव्हा तो प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून घ्या.

मुलांनी पाठवलेली पिशवी घेऊन जरूर या. त्यात काय आहे, ते कोणासाठी आहे आणि किती घ्यायचे, हे वाचून दाखवायला कोणत्याही डॉक्टरला दहा मिनिटे पुरतात. बाटली उघडण्याआधी तेवढा वेळ काढावा, एवढीच विनंती.